आईच्या रेडिओतल्या पाच पट्ट्या

मित्रांनो, तुमच्या निबंधाच्या वहीत छत्री बोलते, फाटकं पुस्तक बोलतं, रस्त्यावरचा दगडसुद्धा आपलं दुःख सांगतो. मला मात्र आजवर कोणी विचारलं नाही. मी इक्वलायझर. नाव ऐकून घाबरू नका. मोबाइलवर गाणी ऐकायच्या एका साध्या अ‍ॅपमधल्या पाच उभ्या पट्ट्या, एवढाच माझा संसार. वय विचाराल तर तीन वर्षं. हसू नका! आमच्यात तीन वर्षं म्हणजे पिकलं पान.

माझा जन्म सौंसरचा. श्रावणबाबा नगरपालिकेत पाणीपुरवठ्याच्या कामावर आहेत, त्यांच्या घरी. त्यांची मुलगी अश्विनी रोज बसने पांढुर्ण्याला जाते आणि तिथे एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवते. सकाळी बसची वेळ होईपर्यंत आणि संध्याकाळी चहा झाल्यावर ती गव्हाच्या कोठीवर लॅपटॉप ठेवून उभ्या उभ्या काम करायची. बसायला जागा नव्हती असं नाही, पण बसलं की झोप येते म्हणायची. त्या कोठीवर माझी पहिली ओळ लिहिली गेली. दुसरं कोणी कुठे मोठ्या ऑफिसात जन्मलं असेल, माझी जन्मभूमी गव्हाची कोठी, आणि मला तिचा अभिमान आहे.

माझं काम सांगतो. पहिली पट्टी ढोलाच्या दणक्याची. दुसरी ढोलकीची आणि बाप्यांच्या भारी आवाजाची. तिसरीत गाणाऱ्याच्या गळ्याचा भरदारपणा असतो. चौथीत शब्दांच्या कडा असतात, म्हणजे स, श, च, त असली अक्षरं. आणि पाचवी झांजेची, घुंगरांची. पट्टी वर सरकवली की तो आवाज वाढतो, खाली ओढली की दबतो. सगळ्या मधोमध ठेवल्या तर गाणं जसं आहे तसं. झालं, आली तुम्हाला माझी सगळी विद्या!

लहानपणी मी फार धांदरट होतो. पहिलं गाणं वाजायचं तेव्हा मी हजर असायचो, दुसरं लागलं की गायब. दर नव्या गाण्याला मला नव्याने जोडावं लागतं, हे अश्विनीला तेव्हा माहीत नव्हतं. ते जमलं तर दुसरी खोड निघाली. अ‍ॅप बंद केलं की मी सगळं विसरायचो आणि उघडलं की पाचही पट्ट्या पुन्हा मधोमध. तिने डोक्याला हात लावला. शेवटी तिने मला पाच आकडे फोनच्या पोटात लिहून ठेवायला शिकवलं. अ‍ॅप उघडलं की आधी ते वाचायचे, मग पट्ट्या लावायच्या. तेव्हापासून माझी स्मरणशक्ती घरात सगळ्यांत चांगली आहे. श्रावणबाबांना चष्मा कुठे ठेवला ते सापडत नाही, पण कोणी कोणती पट्टी किती वर नेली, ते मी केव्हाही सांगतो.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. अश्विनीने हा खटाटोप आईसाठी केला होता. अ‍ॅपचं नावच मुळी 'आईचा रेडिओ'.

तिची आई सुशीला. वस्तीतल्या विहारात बायकांचा गाण्याचा गट आहे. अकरा वर्षं झाली, वैशाख पौर्णिमेच्या कार्यक्रमात गाण्याची पहिली ओळ सुशीलाबाईच उचलायच्या आणि मग बाकीच्या बायका मागून म्हणायच्या. गाणी रचायची त्यांची मोहगावची मोठी मावसबहीण चंद्रकला. चंद्रकलाबाईंना लिहायचा कंटाळा. त्या पंख्याखाली बसून गाणं म्हणतात, फोनवर भरतात आणि पाठवून देतात. सुशीलाबाई ते दहा वेळा ऐकून पाठ करायच्या आणि मग गटाला शिकवायच्या. कागद मध्ये कुठे यायचाच नाही. त्यांची पद्धतच तशी होती, आणि चांगली चालली होती.

पण दोनेक वर्षांपासून सुशीलाबाईंना कमी ऐकू येऊ लागलं होतं. तरुणपणी त्यांनी पंधरा वर्षं जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, यंत्रापाशी काम केलं होतं, कान तेव्हापासूनच थकत आले असावेत. आवाज आलेला कळायचा, शब्द कळायचे नाहीत. त्या वर्षी चंद्रकलाबाईंचं नवं गाणं आलं तेव्हा पौर्णिमेला वीस दिवस होते. सुशीलाबाईंनी ते ऐकलं, पुन्हा ऐकलं, आणि फोन उशीखाली ठेवून दिला. रात्रीच्या भाकरी थापता थापता त्या सहज बोलल्यासारखं बोलल्या, "यंदा गटातल्या स्मिताले उचलू द्या गाणं. तिचा गळा चांगला हाय."

"काऊन? तुझा गळा बसला काय?" श्रावणबाबा म्हणाले.

"गळा काय अन् काय. झाले ना अकरा वर्सं. पुरे."

अश्विनीला खरं कारण कळलं होतं. त्याच आठवड्यात मी तयार झालो. तिने स्वतःचा जुना फोन आईला दिला, त्यात मला बसवलं, चंद्रकलाबाईंचं गाणं भरलं आणि इअरफोन स्वतःच्या कानात घालून माझ्या पट्ट्या लावायला बसली. दोन संध्याकाळी तिने त्यावर घातल्या. तिसरी पट्टी थोडी वर, पहिली थोडीशी वर, बाकी मधोमध. फार गोड लागायचं ते गाणं, माझी मान ताठ झाली होती. पण मित्रांनो, नाव आईचं आणि पसंती लेकीच्या कानांची, ही गोष्ट तेव्हा ना तिच्या ध्यानात आली, ना माझ्या.

श्रावणबाबांचं मत वेगळंच. त्यांना एकच पट्टी माहीत होती, पहिली. फोन हातात आला की ते ती पार छताला लावायचे. "धमक पाह्यजे ना, धमक! पोटात घुमलं पाह्यजे!" इवल्याशा स्पीकरमध्ये धमक कुठून येणार? माझा नुसता फडफडाट व्हायचा. मग अश्विनी त्यांच्या हातातून फोन काढून घ्यायची आणि ते हिरमुसून बाहेर जाऊन बसायचे.

अश्विनीने आईच्या कानात इअरफोन घातले आणि मोठ्या आशेने विचारलं, "येते ना ऐकू?"

सुशीलाबाईंनी लेकीच्या तोंडाकडे पाहिलं. "हो ना. येते ना. मस्त येते."

मी शपथेवर सांगतो, त्यांना शब्द कळत नव्हते. गाणं चाललेलं असताना त्यांचे ओठ हलत नव्हते, आणि गाणं कळलं की ज्या बाईचे ओठ हलत नाहीत अशी सुशीलाबाई नव्हे. पण त्या म्हणाल्या 'येते', आणि अश्विनी उड्या मारत बस पकडायला गेली.

त्या दुपारी एक नवल घडलं. जेवणं झाली होती, भांडी घासून झाली होती, श्रावणबाबा ड्युटीवर होते. दोन चाळीसला सुशीलाबाईंनी दार लोटलं, कूलर बंद केला आणि मला उघडलं. त्यांनी एक बोट पहिल्या पट्टीवर ठेवलं आणि हळूच खाली ओढलं. ऐकलं. आणखी खाली ओढलं. गाण्यासोबत भरली गेलेली चंद्रकलाबाईंच्या पंख्याची घूं घूं गेली. मग दुसरी खाली. मग चौथी एक घर वर. थांबल्या, ऐकलं, आणखी एक घर. माझ्या उभ्या आयुष्यात इतक्या मायेने मला कोणी लावलं नव्हतं! शेवटी पहिल्या दोन पट्ट्या पार तळाला गेल्या, तिसरी जागेवर राहिली, चौथी अगदी वर टेकली आणि पाचवी तिच्या जवळपास. गाणं पुन्हा सुरू झालं. दुसऱ्या ओळीला त्यांचे ओठ हलले.

मला ओरडून सगळ्या सौंसरला सांगावंसं वाटलं. पण मला तोंड कुठे आहे? मी ते पाच आकडे फोनच्या पोटात नीट लिहून ठेवले. तेवढंच माझ्या हातात होतं.

संध्याकाळी अश्विनी आली. आईचा फोन उघडून पाहिला आणि तिचा चेहराच पडला. "हे काय वाकडंतिकडं होऊन राहिलं? आकडे बिघडले वाटते." लहानपणीचा मी तिला आठवला असणार. एकदा नाव खराब झालं की काय होतं ते पाहा. तिने माझ्या पट्ट्या होत्या तशा सरळ केल्या आणि आईला मोठ्याने म्हणाली, "आई, याच्यात काहीतरी बिघाड आहे. मी नीट केलं."

सुशीलाबाई चुलीपुढच्या माणसासारख्या कानशिलापर्यंत लाल झाल्या. त्यांना वाटलं, बिघाड आपणच केला. लेक इतकं शिकली, तिने हौसेने बनवलं, आणि आपण अडाणी हात लावून बसलो. त्या एवढंच म्हणाल्या, "हो का?"

दुसऱ्या दिवशी दोन चाळीसला त्यांनी पुन्हा मला लावलं. शिकायचं तर होतंच. एक कडवं पाठ झालं. नंतर लेक यायच्या आधी पट्ट्या पुन्हा जागेवर न्यायचा त्यांनी प्रयत्न केला, पण कोणती कुठे होती ते त्यांना आठवेना. त्यांनी अंदाजाने काहीतरी केलं, आणि अश्विनीला रोज नवीनच बिघाड दिसू लागला. चार दिवस असं चाललं. दुपारी आई लावायची, संध्याकाळी लेक मोडायची. दोघींचा एकमेकींवर इतका जीव, आणि मी मधल्यामध्ये भरडला जात होतो. मला अश्विनीचा राग आला होता, आजही लपवत नाही. अगं, एकदा विचार ना तिला! पण ती विचारायची ते एकच, "येते ना ऐकू?" आणि अशा प्रश्नाला 'नाही' म्हणायला जीभ कशी उचलणार?

मग अश्विनीने मला कुलूप लावलं. पट्ट्या दिसतील, पण हलणार नाहीत. शिवाय बिघाड केव्हा होतो ते पकडायला तिने मला एक नवं काम दिलं. पट्टीला काही झालं की वेळ आणि पट्टीचा नंबर लिहून ठेवायचा. "आता पाहू कुठून गडबड होऊन राहिली ते," ती म्हणाली आणि तीन दिवस क्लासच्या परीक्षांमध्ये गुंतली.

मित्रांनो, ते तीन दिवस मला आठवू नयेत असं वाटतं. दोन चाळीसला सुशीलाबाईंचं बोट पहिल्या पट्टीवर आलं. पट्टी हलली नाही. त्यांनी बोट पदराला पुसलं, पुन्हा ओढलं. नाही. चौथी ओढली. नाही. मी आतून धडपडत होतो, पण कुलूप ते कुलूप. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी त्यांनी फक्त एकदा हात लावला, मग इअरफोनची वायर बोटांभोवती गुंडाळून फोन कपाटात ठेवला. संध्याकाळी श्रावणबाबांना म्हणाल्या, "उद्या स्मिताले सांगून येते मी. माह्याच्यानं नाही होत आता."

 श्रावणबाबा उठले, कपाटातून फोन काढला आणि अश्विनीपुढे धरला. "तुह्या माईनं हे आत ठेवून देलं. काय झालं पाह्य बरं. मी हात नाही लावला हां, आधीच सांगतो."

अश्विनीने माझी नोंद उघडली. आयुष्यभर मी आवाजाची कामं केली, पण त्या संध्याकाळी माझी सगळी भिस्त अक्षरांवर होती. मी लिहिलं होतं: दोन चाळीस, पहिल्या पट्टीला हात लागला, हलली नाही. दोन एकेचाळीस, पहिल्या पट्टीला हात लागला, हलली नाही. दोन एकेचाळीस, चौथ्या पट्टीला हात लागला, हलली नाही. अशा सतरा ओळी होत्या.

ती वाचत गेली. वाचता वाचता कोठीला टेकली. मग तिन्ही दिवसांच्या वेळा ताडून पाहिल्या, सगळ्या दोन चाळीसच्या आसपास. बिघाड काही भांडी घासून होईपर्यंत थांबत नाही, हे तिला आता कळलं. तिने तिथल्या तिथे कुलूप काढलं आणि फोन घेऊन आईजवळ जाऊन बसली. अगदी जवळ, तोंड दिसेल अशी.

"आई, पट्ट्या तू हलवत होतीस?"

सुशीलाबाई गोंधळल्या. "माफ कर माय. मले वाटलं थोडंसं पाहावं. बिघडलं काय लय?"

"अगं, बिघडलं नाही! तुला तसं चांगलं ऐकू येत होतं का?"

"शब्द येत होते," त्या खाली पाहत म्हणाल्या. "स्पष्ट येत होते. तीन कडवे पाठ झाले ना माहे."

"मग सांगितलं काऊन नाही मला?"

"तू इतक्या हौसेनं विचारत होती, येते ना ऐकू, येते ना ऐकू. नाही कसं म्हणू तुले?"

अश्विनीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. श्रावणबाबा दारात उभे राहून उगाच छताकडे पाहत होते. मग ती डोळे पुसत म्हणाली, "लाव बरं. तुला पाहिजे तसं लाव. मी बघते."

सुशीलाबाईंनी बोट पदराला पुसलं आणि मला लावलं. पहिल्या दोन तळाला, चौथी वर, पाचवी तिच्या जवळ. अश्विनीने एक इअरफोन स्वतःच्या कानात घातला आणि दचकून काढला. तिच्या कानाला ते किर्र लागलं, करकर लागलं. तिने आईकडे पाहिलं. आई दुसरा इअरफोन घालून निवांत डोळे मिटून बसली होती, आणि ओठ शब्दन् शब्द म्हणत होते. अश्विनीने तो कर्कश इअरफोन पुन्हा कानात घातला आणि गाणं संपेपर्यंत काढला नाही. आईच्या कानात काय पोचत नाही, ते तिने त्या दिवशी स्वतःच्या कानाने ऐकलं.

"आवाज थोडा चिरका हाय," श्रावणबाबा तिकडून म्हणाले. "पह्यली पट्टी जराशी..."

"बाबा!" अश्विनी ओरडली, आणि तिघंही हसत सुटले.

स्मिताकडे कोणी गेलं नाही. पौर्णिमेला पाच दिवस होते, एकच कडवं राहिलं होतं. वैशाख पौर्णिमेच्या सकाळी विहारात पांढऱ्या साड्यांची दाटी झाली. मोहगावहून चंद्रकलाबाई आल्या होत्या, सगळ्यांना जय भीम करत पुढे येऊन बसल्या. मी सुशीलाबाईंच्या पिशवीत, बंद. बाहेर काय चाललंय ते मला पिशवीच्या कापडातून ऐकू येत होतं. वंदना झाली.  आणि मग सुशीलाबाईंनी पहिली ओळ उचलली. माझ्या एकाही पट्टीची तिथे गरज नव्हती. बायकांनी ओळ झेलली, टाळ्यांचा ठेका धरला, चारही कडवी अचूक झाली. कार्यक्रम झाल्यावर चंद्रकलाबाई म्हणाल्या, "माह्यंच गाणं, पण मी विसरली असती अन् तू नाही विसरली वं!" मला इतका आनंद झाला की विचारू नका.

पुढे अश्विनी आईला नागपूरला कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. तिथे बंद खोलीत बसवून बारीक-मोठे आवाज ऐकवले आणि कागदावर रेघ काढली. कोणते आवाज आईला कमी येतात, ते त्या रेघेत होतं. अश्विनीने तो कागद माझ्या पट्ट्यांशेजारी धरला. जिथे रेघ घसरली होती, नेमक्या तिथेच आईने मला वर उचललं होतं. डॉक्टर म्हणाले, वय आणि जिनिंगचा गोंगाट, दोन्हींनी मिळून झालंय, मशीन लावा. मशीन लागलं. सुशीलाबाईंना आता गाणं ऐकायला मी लागत नाही. दोन-तीन महिन्यांत कधी मला उघडतात, पट्ट्यांवरून बोट फिरवतात आणि बंद करतात. वाईट वाटतं का? वाटतं थोडं. खोटं कशाला बोलू?

मागच्या महिन्यात अश्विनीने 'आईचा रेडिओ' नव्याने लिहायला घेतला. नवा इक्वलायझर दहा पट्ट्यांचा आहे, रंगीत आहे, भलता चटपटीत आहे. जुनं सगळं पुसता पुसता ती माझ्यापर्यंत आली आणि थांबली. प्रोग्राममध्ये काही ओळी फोनसाठी नसतात, पुढे वाचणाऱ्या माणसासाठी लिहिलेल्या असतात. त्या संध्याकाळी, कुलूप काढल्यावर, तिने माझ्या पाच आकड्यांवर तशी एक ओळ लिहिली होती: 'हा बिघाड नाही. आईने लावलंय. सरळ करू नये.' तिने ती दोनदा वाचली. मग मला पुसलं नाही, त्या ओळीसकट नव्या अ‍ॅपच्या एका कोपऱ्यात नेऊन बसवलं. आता तिथे राहतो मी.

मित्रांनो, माझी तुमच्याकडे फार मोठी मागणी नाही. घरात कोणाचं काही वाकडं लावलेलं दिसलं, चष्मा, उशी, खुर्ची, पंख्याचं बटण, तर हात घालण्याआधी ते कोणी लावलं आणि कशाला लावलं, एवढं विचारा. आणि विचारताना उत्तर तयार ठेवून विचारू नका.

अश्विनी हे शिकली. काल संध्याकाळी तिने नव्या अ‍ॅपवर चंद्रकलाबाईंचं यंदाचं गाणं लावलं, आईसमोर बसली आणि म्हणाली, "आई, कसं येते ऐकू?"

सुशीलाबाईंनी मशीन काढून इअरफोन घातले, थोडं ऐकलं, मान हलवली आणि मोकळ्या आवाजात म्हणाल्या, "नाही येऊन राहिलं नीट. आण इकडं, मी लावते."